लाडक्या कुत्र्या-मांजराचा टॅटू : खर्च किती, वेळ किती, पैसे कुठे जातात

साधा पंजा हवा की हुबेहूब चेहरा, एवढ्यावर तुमचा खर्च दीड हजारात आटपेल की तीस हजारांवर जाईल हे ठरतं. म्हणून आधी आकडे बघा, डिझाइन नंतर.

मुंबई-पुण्यातल्या बऱ्यापैकी स्टुडिओत साधारण हा अंदाज धरा. मनगटावर किंवा घोट्यावर इंच-दीड इंचाचा पंजा : १,५०० ते ३,००० रुपये. पंजा आणि नाव : २,००० ते ४,०००. कान, पाठ आणि शेपूट दाखवणारी एका रेषेतली आकृती : २,५०० ते ६,०००. तुमच्याच जनावराच्या पायाचा किंवा नाकाचा ठसा जसाच्या तसा : ३,००० ते ६,०००. काळ्या-करड्या छटांमधला तीन-चार इंचांचा चेहरा : ८,००० ते २०,०००. प्राण्यांच्या चेहऱ्यांसाठी नावाजलेला आर्टिस्ट गाठलात, तर २५-३० हजारांच्या पुढे. रंगीत हवा असेल तर साधारण दीडपट. कोल्हापूर, सोलापूर, नाशिककडे पंजा थोडा स्वस्त पडेल. तो गावातच काढा. चेहऱ्यासाठी मात्र गाडीभाडं घालून चांगल्या हाताकडे जा. बिघडलेला पंजा झाकता येतो, बिघडलेला चेहरा रोज आरशात दिसतो.

वेळेचं गणित असं : पंजा अर्ध्या-पाऊण तासात होतो, नाव किंवा ठसा तासाभरात, चेहऱ्याला चार ते सहा तास लागतात, कधी दोन बैठका. वरची त्वचा भरून यायला दोन ते तीन आठवडे, आतून पूर्ण बरं व्हायला दीड-दोन महिने.

'२९९ रुपये इंच' अशी पाटी दिसली की आधी दोन गोष्टी विचारा. पहिली, कमीत कमी किती घेता? जवळपास प्रत्येक स्टुडिओची किमान रक्कम ठरलेली असते, म्हणून एका इंचाच्या पंजाचे २९९ होत नाहीत. सुई, शाई, हातमोजे आणि तयारी यांचा खर्च आकार कितीही लहान असला तरी तोच असतो, त्यामुळे ही किमान रक्कम गैर नाही. ती पाटीवर नसते, हे गैर आहे. दुसरी, इंच कसे मोजता? इथे 'इंच' म्हणजे चौरस इंच. तीन बाय चारचा चेहरा म्हणजे १२ चौरस इंच, दर ७०० असेल तर ८,४०० रुपये. चेहऱ्याला हा हिशेब ठीक आहे, कारण चौकटभर काम असतं. पण शेपूट वर करून बसलेल्या मांजराची बाह्यरेषा घ्या. ती दोन बाय पाचच्या चौकटीत बसते, म्हणून १० चौरस इंचांचे ७,००० लावले जातील, आणि प्रत्यक्ष काम असेल एका बारीक रेषेचं. अशा डिझाइनला इंचाचा भाव मान्य करू नका. 'पूर्ण कामाचे एकरकमी किती?' असं विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या.

आता बिलात मागाहून घुसणारे पैसे. डिझाइन चार्ज वेगळा आहे का, की टॅटूच्या रकमेतच धरला आहे? बदल किती वेळा फुकट? दुसऱ्या-तिसऱ्या बदलाला ५०० ते १,००० मागणारे आहेत. बधिर करणाऱ्या क्रीमचे वेगळे पैसे? जखमेवर लावायची पारदर्शक फिल्म? मलमाची डबी? ती स्टुडिओतूनच घ्यायचं बंधन नाही. औषधांच्या दुकानातलं सौम्य, बिनवासाचं मॉइश्चरायझर चालतं, आर्टिस्टला नाव दाखवून घ्या. टच-अप एकदा फुकट असतो, पण मुदतीत. ती मुदत महिना आहे की तीन महिने, हे आधीच विचारा. आणि सांगितलेली रक्कम जीएसटी धरून की वगळून? जीएसटी लावला असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. सेवा देणाऱ्या व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर एरवी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना ग्राहकाकडून जीएसटी घेता येत नाही.

ॲडव्हान्स ५०० ते २,००० द्यावा लागतो. बहुधा तो परत मिळत नाही, पण शेवटच्या बिलातून वजा व्हायला हवा. तारीख पुढे ढकलली तर तो चालतो का, हेही विचारा. जनावर नुकतंच गेलं असेल तर हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण ठरवलेल्या दिवशी तुमचं मन तयार नसू शकतं. माझं स्पष्ट मत : गेल्यानंतर पहिल्या पंधरवड्यात टॅटू काढू नका. त्या दिवसांत सगळंच हवंसं वाटतं : चेहरा, नाव, दोन तारखा, पंख, प्रभामंडळ. महिना-दीड महिना थांबा. तोवर जी एक गोष्ट सारखी डोळ्यांपुढे येईल, ती काढा.

ती एक गोष्ट म्हणजे एका बाजूला पडलेला कान असेल. तोंडात बॉल धरायची पद्धत असेल. मांजर खिडकीत पाठ करून बसायचं ती पाठ असेल. माझ्या पोटरीवर माझ्या बोक्याची फक्त मागून दिसणारी आकृती आहे, डाव्या कानाला मारामारीत पडलेल्या खाचेसकट. दोन इंच, एक रेष, ३,००० रुपये. त्याला पाहिलेल्या प्रत्येकाने न सांगता ओळखला. आधी मी चेहराच काढायला निघालो होतो. स्टुडिओने माझ्याकडून फोटो घेतला आणि स्टेन्सिल (त्वचेवर आधी उमटवायचा आराखडा) आणलं ते कुठल्याशा दुसऱ्याच, गुबगुबीत मांजराचं. मी उठून आलो, ॲडव्हान्स गेला. गेलेले ते १,००० रुपये मला आजही स्वस्त वाटतात.

पंजाची चूक तर इतकी सर्रास होते की ती तुम्हीच तपासा. इंटरनेटवरून उचललेला पंजा अनेकदा ना कुत्र्याचा असतो ना मांजराचा. चार बोटं आणि मागची मोठी गादी दोघांच्याही ठशात असते. पण कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजर चालताना नखं आत घेतं म्हणून त्याच्या ठशात ती नसतात. मोठ्या गादीची मागची कड मांजरात तीन भागांची दिसते. तेव्हा मनीच्या पंजाला नखं काढलेली दिसली तर स्टेन्सिल पुसायला लावा. पुसायला पैसे पडत नाहीत, सुई लागल्यावर पडतात.

चेहराच हवा असेल तर रंगाप्रमाणे विचार करा. काळा लॅब्रॅडॉर किंवा काळं मांजर लहान आकारात काढलं की पाचेक वर्षांत डाग दिसायला लागतो, कारण शाई त्वचेत हळूहळू पसरते आणि डोळे, नाक, जबडा यांच्यातली मोकळी जागा बुजते. काळ्या जनावराला किमान साडेतीन-चार इंच द्या, आणि डोळ्यांतली चमक म्हणून कोरी त्वचा राखायला सांगा. पांढऱ्या स्पिट्झला किंवा पांढऱ्या मांजराला उलटं : पांढरी शाई गव्हाळ-सावळ्या त्वचेवर नीट उठत नाही, कालांतराने पिवळट पडते. त्याऐवजी भोवती सावली भरून जनावर कोऱ्या त्वचेत ठेवणारा आर्टिस्ट शोधा. तांबूस देशी कुत्रा काळ्या-करड्या छटांत फार छान येतो, काळसर तोंड आणि फिकट भुवया आपोआप उठून दिसतात. मिशांना शक्यतो नको म्हणा. केसाएवढ्या बारीक रेषा सगळ्यात आधी पुसट होतात किंवा जाड होतात.

फोटो कसा द्यायचा? मूळ फाइल द्या. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवली तर ती दाबली जाते, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ईमेल करा. वरून काढलेला सेल्फी चालत नाही, त्यात नाक मोठं आणि कान मागे जातात. जमिनीवर बसून, जनावराच्या डोळ्यांच्या पातळीवरून, खिडकीच्या उजेडात काढलेला हवा. जनावर गेलं असेल आणि असा फोटो नसेल, तर व्हिडिओ चाळा. चांगल्या व्हिडिओतून थांबवलेली चौकट खूपदा फोटोपेक्षा कामाची निघते. तेही नसेल तर चेहऱ्याचा हट्ट सोडा, आकृती काढा.

नाव देवनागरीत हवं असेल तर जास्त सावध राहा. मोती, वाघ्या, टिपू, चिमी ही नावं लिहायला सोपी, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट जुळला नाही की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरापुढे जाते आणि जोडाक्षर तुटून पाय मोडलेलं दिसतं. 'प्रिन्स'चा 'प् रनि्स' झालेलं स्टेन्सिल भाषा न येणाऱ्या आर्टिस्टला बरोबरच वाटतं. नाव स्वतः कागदावर सुवाच्य लिहा किंवा घरातल्या चांगल्या हस्ताक्षराच्या माणसाकडून लिहून घ्या, त्याचा फोटो द्या. स्टेन्सिल त्वचेवर बसलं की मोबाइलमध्ये फोटो काढून सोबतच्याला मोठ्याने वाचायला लावा. अक्षराची उंची एक सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, मात्रा आणि अनुस्वार बुजतात. तारखा घालायच्या असतील तर एकच घाला. आणि ती पशुवैद्याच्या कार्डावरून तपासून घ्या, आठवणीतून नको.

जागेचा विचार पैशाइतकाच गंभीरपणे करा. बाहू, पोटरी, दंडाची बाहेरची बाजू इथे शाई चांगली टिकते आणि दुखतं कमी. बोटं, तळवा, पावलाची कड इथे पुसट होते आणि टच-अपचे पैसे पुन्हा पुन्हा जातात. बरगड्या आणि घोट्याचं हाड जास्त दुखतात. सैन्यात किंवा निमलष्करी दलात जायचा विचार असेल तर थांबाच. सैन्यभरतीत कायमचा टॅटू हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच चालतो. केंद्रीय पोलीस दलांत नियम आणखी कडक आहेत, जागा, आकार आणि विषय तिन्हींवर बंधन आहे. त्या त्या भरतीची ताजी जाहिरात वाचल्याशिवाय सुई लावू नका. पोरगं सतरा-अठराचं असेल आणि भरतीची तयारी करत असेल तर आई-बापांनी हे त्याला आजच सांगावं.

कागदपत्रं फार लागत नाहीत. वय अठरा पूर्ण असल्याचा पुरावा : आधार, पॅन किंवा ड्रायव्हिंग लायसन्स. आधार देणार असाल तर आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्या, तेवढी पुरते. मग संमतीपत्र सहीला येतं. ते न वाचता सही करू नका. त्यात आजार आणि औषधांची माहिती खरी लिहा. 'फोटो-व्हिडिओ प्रसिद्धीसाठी वापरू' असं कलम असतं, नको असेल तर ते खोडून शेजारी सही करा. ओळखपत्र न मागणारा, संमतीपत्र न देणारा स्टुडिओ सुईच्या बाबतीतही तसाच असेल असं धरून चला.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण, त्वचेचा जुनाट आजार यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जुन्या जखमेवर किंवा कान टोचलेल्या जागी जाड, वर आलेला व्रण उठत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊनच ठरवा, टॅटूवरही तसाच व्रण येऊ शकतो. लाल शाईची ॲलर्जी इतर रंगांपेक्षा जास्त दिसते. लाल पट्टा किंवा लाल बदाम घालायचा असेल तर आधी कुठेतरी ठिपकाभर लावून काही आठवडे बघा.

स्टुडिओत शिरलात की या गोष्टी डोळ्यांनी बघा, विचारायला लाजू नका. सुईचं कार्ट्रिज सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर फोडलं जातंय का, पाकिटावर मुदत आहे का. शाई छोट्या कपात ओतून वापरतायत का, की थेट बाटलीत सुई बुडवतायत. उरलेली शाई कपासकट टाकली पाहिजे. हातमोजे नवे, आणि फोन उचलल्यावर बदललेले. मशिन आणि वायर प्लास्टिकने झाकलेली. वापरलेल्या सुया टाकायला टणक, बंद डबा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर ॲडव्हान्स सोडून निघा. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांचा धोका वापरलेल्या सुईतून येतो. जत्रेत, चौपाटीवर किंवा रस्त्याकडेला बसून एका मशिनने दिवसभर गोंदणाऱ्याकडे म्हणूनच जाऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. हेपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर आधी घ्या. तीन डोस असतात, शेवटचा पहिल्यानंतर सहा महिन्यांनी.

आर्टिस्टचं काम बघताना ताज्या टॅटूचे फोटो बाजूला ठेवा. ताजा टॅटू सगळ्यांचाच झळकतो. 'वर्षभर जुना, बरा झालेला प्राण्याचा चेहरा दाखवा' म्हणा. असे तीन-चार दाखवता आले नाहीत तर त्याच्याकडे पंजा काढा, चेहरा नको. शिकाऊ आर्टिस्ट निम्म्या दरात काम करतात. साध्या पंजासाठी, गुरू शेजारी उभा असेल आणि वरची स्वच्छता पाळली जात असेल, तर ही बचत करायला हरकत नाही.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल : छोट्या टॅटूला ती लागत नाही. मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळणं धोक्याचं आहे, त्यातलं लिडोकेन रक्तात जास्त गेलं तर हृदयावर आणि मेंदूवर परिणाम होतो. डॉक्टरांना विचारून, सांगितलेल्या प्रमाणात, छोट्या भागावरच लावा. आणि टॅटूच्या दिवशी पोटभर जेवून जा, आदल्या दिवसापासून दारू नको.

राख शाईत मिसळून टॅटू काढायची कल्पना कोणीतरी सुचवेलच. भावना कळते, पण मी नको म्हणेन. दहनानंतरच्या राखेत हाडाचे कण असतात. ते घरी चाळून कधीच शाईइतके बारीक आणि निर्जंतुक होत नाहीत. खाज, गाठी, संसर्ग झाला तर तो भाग लेझरने किंवा शस्त्रक्रियेने काढावा लागू शकतो. यासाठी पाच-दहा हजार जादा मागणारे भेटतील, देऊ नका. राख छोट्या डबीत ठेवा, टॅटू साध्या शाईनेच काढा.

कधी काढायचा? आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात घाम, पावसाळ्यात ओले कपडे आणि दमट हवा, दोन्ही जखमेला वाईट. होळी आणि गणपती विसर्जनाच्या आधीचे तीन आठवडे टाळा. गोव्याला सुट्टीत काढणार असाल तर परतीच्या आदल्या दिवशी काढा. समुद्र आणि तरण तलाव तीन आठवडे बंद. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवा, टिपून कोरडं करा, पातळ थर मलम लावा, खपली ओढू नका. लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला तर आर्टिस्टला मेसेज करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आणि घरात दुसरं जनावर असेल तर ते ताजा टॅटू चाटायला येणारच. दोन-तीन आठवडे चाटू देऊ नका, कुत्र्या-मांजराच्या लाळेतले जंतू उघड्या जखमेत गेले तर संसर्ग गंभीर होऊ शकतो. चादर रोज बदला, सैल सुती बाहीचा कपडा घाला, रात्री त्यांना वेगळं झोपवा. मांजर टॅटूवर उडी मारून बसेल अशी जागा, म्हणजे मांडी, घरात मांजर असेल तर टाळलेलीच बरी.

रक्तदान करत असाल तर लक्षात ठेवा : टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. नियमित दाते असाल तर आधी रक्त द्या, मग टॅटू काढा.

पुढे नकोसा झाला तर लेझरच्या एका बैठकीला आकाराप्रमाणे दोन ते दहा हजार, आणि अशा सहा-दहा बैठका, प्रत्येकीत दीड-दोन महिन्यांचं अंतर. काळी शाई लवकर जाते, हिरवी-निळी चिवट असते. तीन हजारांचा टॅटू घालवायला तीस हजार लागतात, म्हणून खात्री नसेल तर आधी त्याच डिझाइनचा स्टिकर छापून आठवडाभर लावून बघा. काळी मेंदी मात्र लावू नका, तिच्यातल्या रसायनाने कातडीला फोड येतात.

ठरलेलं काम झालं नाही, नाव चुकलं, जखम चिघळली, तर आधी लेखी तक्रार स्टुडिओला, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. पुराव्यासाठी लागेल ते आधीच सांभाळा : पैसे यूपीआयने द्या, ठरलेली रक्कम आणि डिझाइनचे मेसेज ठेवा, स्टेन्सिलचा फोटो ठेवा, बिल घ्या.

शेवटचं, ज्यांच्या घरात म्हातारं जनावर आज आहे त्यांच्यासाठी. ठसा आताच घेऊन ठेवा. बाळांच्या पायांचे ठसे घेण्याचं बिनविषारी शाईचं किट ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळतं. पंजा धुऊन कोरडा करा, बोटांमधले वाढलेले केस कापा, जनावर आडवं पडलेलं असताना कडक पुठ्ठ्यावरचा कागद पंजावर दाबा, पंजा कागदावर आपटू नका. चार-पाच ठसे घ्या, एखादाच नीट येतो. ठशाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, म्हणजे मूळ माप हरवत नाही. शाई लगेच धुवा, ते चाटायच्या आत. जनावर गेलं असेल आणि दफन-दहन व्हायचं असेल तरी ठसा घेता येतो, दवाखान्यात सांगितलं तर बहुतेक ठिकाणी मदत करतात. कागदावर तारीख लिहा, आणि पाय कुठला तेही लिहा, पुढचा डावा की मागचा उजवा. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे असतात, पण डावा कुठला आणि उजवा कुठला हे नंतर नुसत्या ठशावरून सांगणं अवघड जातं.